रुसलेले मामा, मुक्काम वॉशिंग्टन

पुढाऱ्याच्या फोटोवर विनोदी ओळ लिहायची तर पहिली अट अशी, की फोटोत त्याने स्वतः काहीही करायचा प्रयत्न केलेला नसावा. बोट उगारून भाषण ठोकणारा, गळ्यातल्या हारांत बुडालेला, बांधावर उभा राहून कॅमेऱ्याकडे बघत औत धरणारा नेता आपल्या कामाचा नाही. त्याने आपली ओळ आधीच चेहऱ्यावर लिहून आणलेली असते. आपल्याला हवा बेसावध गडी. निघताना गॅस बंद केला होता का, असल्या विचारात बसलेला.

तो २० जानेवारी २०२१ ला मिळाला. वॉशिंग्टनमध्ये बायडेन यांचा शपथविधी. कोविडमुळे खुर्च्या लांब लांब मांडलेल्या, पाहुणे ठेवणीतले कोट घालून आलेले, आणि त्या थाटात व्हरमाँटचे सिनेटर बर्नी सँडर्स घडीच्या खुर्चीवर एकटेच. वय ७९. पायावर पाय, हाताची घडी, तोंडाला दवाखान्यातला निळा मास्क, अंगात रोजचं जाडं जाकीट आणि हातात भलेमोठे नक्षीदार मोजे. एएफपीचे छायाचित्रकार ब्रेंडन स्मियालोव्स्की यांनी नेमकं ते टिपलं. मग लोकांनी सँडर्सना खुर्चीसकट कापून काढलं आणि चंद्रापासून मुंबईच्या लोकलपर्यंत मिळेल तिथे नेऊन बसवलं. न्यूयॉर्कच्या एका विद्यार्थ्याने तर तशी सोयच करून दिली: पत्ता टाका, सँडर्स तुमच्या गल्लीत हजर.

अमेरिकेला त्यांत काय दिसलं ते अमेरिका जाणे. मराठी डोळ्याला मात्र मामा दिसले. नवरीचे मोठे मामा. मुहूर्ताला अक्षता टाकून झाल्या, फोटोला कुणी बोलावलं नाही, आणि आता मांडवाच्या कडेला खुर्ची ओढून ते बसलेत. आमच्या घरच्या ग्रुपवर तासाभरात एकजात सगळ्यांना हेच सुचलं. पण सुचणं वेगळं, लिहिणं वेगळं.

पहिली ओळ आली ती अशी: ‘पंगतीला पहिल्यांदा न बोलावल्यामुळे रुसलेले मुलीचे मामा’. खरं आहे, पण ही पंचनाम्याची भाषा झाली. मग कुणीतरी मामांनाच बोलू दिलं: ‘मी रुसलो वगैरे नाहीये.’ बरं. तेवढ्यात न्यू जर्सीहून भाच्याने टाकलं: ‘माझं काही नाही. तुमचं चालू द्या.’ झालं! यात मामा नाहीत, लग्न नाही, पंगत नाही. तरी जिलबी गार होत चाललेली दिसते. चांगली ओळ फोटोत दिसतं ते सांगत बसत नाही. मुद्दाम आठवून पाहा, ज्या ओळीनंतर हसण्याच्या बाहुल्यांची रांग लावावी लागते, तिच्यात चार शब्द जास्तच असतात.

मास्कचाही यात मोठा वाटा आहे. ओठच दिसत नाहीत, त्यामुळे कुणाचंही वाक्य तोंडात बेमालूम बसतं. पासबुकाचं मशीन बंद आहे म्हणून ताटकळलेले पेन्शनर घ्या, किंवा कोरम होईना म्हणून खोळंबलेले सोसायटीचे अध्यक्ष. सगळं जमतं.

याच गृहस्थांचा आधीचा नमुना वेगळ्या जातीचा होता. २०१९ च्या डिसेंबरअखेरीस निवडणुकीच्या वर्गणीसाठी त्यांनी एक व्हिडिओ काढला: मी पुन्हा एकदा तुमच्याकडे आर्थिक मदत मागतोय. त्यात सगळं आयतंच, शेवटची गाळलेली जागा तेवढी भरायची. आमच्या सेक्रेटरींनी तो ‘मी पुन्हा एकदा मेंटेनन्स मागतोय’ म्हणून नोटीस बोर्डावर लावला असता, तर वसुली वाढली असती असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता थोडं तांत्रिक. पांढरी अक्षरं आणि त्यांना काळी कड, हा या धंद्याचा गणवेश. रोमन अक्षरांना तो शोभतो. देवनागरीत मात्र ती कड प्रत्येक अक्षराभोवती वेगवेगळी फिरते, शिरोरेषेचे तुकडे पडतात, आणि फोटोच्या वरच्या काठाला मात्रा आणि रफार छाटले जातात. कितीतरी उत्तम ओळी अशा टक्कल पडलेल्या अवस्थेत फिरत असतात.

आणि छाटाछाट नेहमी मात्रेवरच थांबते असंही नाही. जादवपूर विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांना २०१२ च्या एप्रिलमध्ये पोलिसांनी धरलं. ममता बॅनर्जींवरचं एक व्यंगचित्र त्यांनी ईमेलने पुढे पाठवलं होतं. फोटो पुढाऱ्यांचे, संवादाची ठेवण सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ची. त्यांच्यावर लावलेलं आयटी कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं. तरी प्राध्यापकांची खटल्यातून मुक्तता व्हायला २०२३ उजाडलं. एका पुढे ढकललेल्या चित्राला दहा वर्षांवर तारखा! म्हणून आमच्या ग्रुपवर इथल्या पुढाऱ्याचा फोटो आला की भले भले विनोदवीर अचानक सुप्रभात म्हणतात. व्हरमाँटचे मामा त्या मानाने सोयीचे.

मामांनी मनाला लावूनही घेतलं नाही. मी आपला ऊब धरून बसलो होतो, अशा अर्थाचं काहीतरी ते टीव्हीवर म्हणाले. मग तोच फोटो छापलेले स्वेटशर्ट विकायला काढून काही दिवसांत १८ लाख डॉलर जमवले आणि व्हरमाँटमधल्या सेवाभावी संस्थांना दिले. म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरपोच जेवण देणारी संस्थाही त्यांत होती. त्या मालाला नाव दिलं: ‘चेअरमन सँडर्स’. खुर्चीही आली, सिनेटच्या अर्थसंकल्प समितीचं येऊ घातलेलं अध्यक्षपदही आलं. आमच्यातल्या कुणाला हे सुचलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

सांगलीच्या आत्याने ग्रुपवर एवढा वेळ फक्त बघितलं होतं. रात्री तिचा व्हॉइस मेसेज आला. ‘कोण रे हे? कुणीतरी चहा द्या की त्यांना. आणि मोजे कुणी विणलेत?’ तिला कळवलं, की विणलेले नाहीत. त्यांच्याकडच्या एका शाळेतल्या बाईंनी जुन्या स्वेटरचे तुकडे जोडून शिवलेत, आत प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून केलेल्या लोकरीचं अस्तर आहे, आणि चारही बोटं एकत्र, अंगठा तेवढा वेगळा.

‘म्हणजे गोधडीच की हाताची,’ आत्या म्हणाली. ‘भाऊंना थंडीत बोटं आखडतात. जुने स्वेटर कुणाकुणाकडे पडलेत ते सांगा, आणि त्या माणसाचा हातांचा जवळून काढलेला फोटो असला तर टाका. वर लिहिलेलं नको, शिवण दिसत नाही.’