चांदणी नेमकी कुठे?

पियानोच्या छापील पानावर सगळ्यात तळाला, डाव्या हाताच्या सुरांच्याही खाली, पायासाठी सूचना असते. ‘पेड.’ दिसलं की उजवा पाय दाबायचा, चांदणी आली की उचलायचा. मधल्या काळात तारांचा आवाज दाबणारे डँपर तारांपासून दूर असतात आणि वाजून गेलेले सूर रेंगाळत राहतात. यात भांडण्यासारखं काही नाही, असं वाटतं. मग एकाच रचनेच्या तीन जुन्या आवृत्त्या शेजारी-शेजारी मांडाव्यात. एकीत चांदणी तिसऱ्या मात्रेवर, दुसरीत चौथीच्याही पुढे, तिसरीत बेपत्ता.

या बाबतीत शोपँसारखा यजमान नाही. स्वामित्वहक्क तेव्हा देशाच्या सीमेवरच संपत असे, म्हणून त्याच्या बहुतेक रचना तीन देशांत जवळपास एकाच सुमारास निघत. प्रकाशक पॅरिसला बरीच वर्षं श्लेसिंगर, लाइपझिगला बहुतेकदा ब्राइटकोप्फ, लंडनला वेसेल. एकाला मूळ हस्तलिखित जायचं, दुसऱ्याला मित्राने केलेली नक्कल, तिसऱ्याला मुद्रितं. शोपँ स्वतः पॅरिसमध्ये, तेव्हा तिथल्या मुद्रितांवर हात फिरवणं त्याला सोपं. तिथे तो एखादी चांदणी सरकवायचा आणि लाइपझिगला त्याचा पत्ताही नसायचा. हस्तलिखितांत तर त्याने पेडलच्या खुणा गिरगटून काळ्या केल्या आहेत, पुन्हा लिहिल्या आहेत. पाय कधी उचलावा यावर या माणसाने केलेला विचार पाहून आपलेच पाय दुखू लागतात.

माझा जीव मात्र छपाईसाठी खोदकाम करणाऱ्या कारागिरावर. धातूच्या पत्र्यावर, तेही उलटं, तो एकेक खूण ठोकत बसलेला. ‘पेड.’ ही अक्षरं ऐसपैस, चांदणीही चांगली गुबगुबीत, आणि वर सोळांशांची दाटी. जिथे फट मिळेल तिथे ती बसणार. पुढे पंडितांनी पानंच्या पानं खर्चून संगीतकाराचा हेतू शोधावा, आणि निघावी ती जागेची टंचाई!

बेटोफेन वेगळाच. 1802 साली छापलेल्या ‘मूनलाइट’ सोनाटाचा अख्खा पहिला भाग डँपर उचलूनच वाजवा, असं तो सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो. त्या काळच्या हलक्या पियानोवर सूर लवकर विरत, म्हणून ते खपून जायचं. आजच्या पियानोवर तोच हुकूम तंतोतंत पाळला तर चंद्र ढगाआड जातो. ‘वाल्डश्टाइन’ सोनाटाच्या हस्तलिखितात त्याने पेडल सोडण्यासाठी शून्य वापरलं आहे, आणि शेवटच्या भागात ती शून्यं इतकी लांब-लांब आहेत की दोन वेगळे स्वरमेळ एकमेकांत सरमिसळतात. नंतरच्या संपादकांना हे पाहवेना. त्यांनी आपापले पाय त्यात घातले. मला बेटोफेनचा गोंधळच आवडतो. तो जाणूनबुजून केलेला आहे. शिवाय त्याचा शिष्य चेर्नी सांगतो की, गुरुजी छापल्यापेक्षा कितीतरी जास्त पेडल वापरायचे. म्हणजे छापलेली चांदणी अचूक सापडली तरी न छापलेल्यांचं काय करायचं?

मोत्सार्टने ही कटकटच ठेवली नाही. त्याची पेडलची एकही खूण नाही. पण 1777 मध्ये आउग्सबुर्गहून त्याने वडिलांना लिहिलेल्या पत्रात पियानो बनवणाऱ्या श्टाइनच्या पियानोतल्या, गुडघ्याने चालणाऱ्या यंत्रणेचं तोंडभरून कौतुक आहे. यंत्र होतं, गुडघा होता, हौसही होती. अभ्यासकांना भांडायला तेवढं पुरतं.