माझा थर्माकोल परत द्या

प्रति,
मा. अध्यक्ष, दोन्ही उपाध्यक्ष (घाटावरचे एक व घाटाखालचे एक), सचिव, खजिनदार आणि उरलेले सर्व दिग्दर्शक,
आपले हौशी चित्रपट मंडळ, जिल्हा बुलढाणा.

विषय : वर्षाखेरीच्या नाताळ पार्टीत खर्ची पडलेला थर्माकोलचा एक तुकडा (अडीच बाय चार फूट) परत मिळणेबाबत.

स. न. वि. वि.

पत्र खुलं लिहितो आहे, कारण आपल्या मंडळात बंद पाकीट कुणी उघडत नाही. मार्चमध्ये दिलेलं हिशेबाचं पाकीट अजून खजिनदारांच्या गाडीच्या डिकीत आहे, स्टेपनीखाली. परवा पंक्चर झालं तेव्हा दिसलं.

आधी तुकड्याची ओळख करून देतो. २०१७ च्या गणपतीत आमच्या गल्लीतल्या मखराची ती मागची भिंत होती. पुढच्याच मार्चमध्ये राज्य सरकारने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली, त्यामुळे एका अर्थाने तो नामशेष होत चाललेला प्राणी. एक कोपरा उंदराने खाल्लेला, मागच्या बाजूला सोनेरी रंगातला अर्धा मोर. तेव्हापासून आपल्या मंडळाच्या प्रत्येक शूटिंगमध्ये नटाच्या तोंडावर जो काही उजेड पडला, तो याच्या अंगावरून परतलेला. आणि याला धरून उभा असायचो मी. ऊन सरकलं की मी सरकायचं. "काका, थोडे डावीकडं. अजून. आता हालू नका." श्रेयनामावलीत माझं नाव कधी आलं नाही, पण तक्रार नाही. श्रेयनामावली येण्याइतका आपला एकही सिनेमा शेवटापर्यंत गेलेलाच नाही.

तर पार्टी. ती का करायची, यावर नोव्हेंबरात तीन बैठका झाल्या. पटकथेवर आपण वर्षात एक बैठक घेतली होती, तीही चहा येईपर्यंत. घाटाखालच्या मंडळींचं म्हणणं, पार्टी मलकापूर नाहीतर शेगावला ठेवा, आमच्याकडे निदान रेल्वे आहे. घाटावरच्यांचं म्हणणं, नाताळ म्हणजे थंडी, आणि थंडी काय ती आमच्याकडे. शेवटी राजूर घाटाच्या अलीकडे खजिनदारांच्या शेतावर ठरलं. जेवणात रोडगे, वांग्याची भाजी, वरण. घाटाखालच्यांच्या समाधानासाठी शेगावची कचोरी आणि तळलेली मिरची. नाताळाच्या समाधानासाठी एक केक.

आपल्यात चर्चला जाणारा सभासद एकच. सकाळची उपासना आटोपून तो दुपारी शेतावर पोचला, तेव्हा सचिवांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्यात नेमकं काय काय करतात? तो म्हणाला, "करंज्या करतो. चिवडा, लाडू. मोठा कागदी तारा लावतो." सचिवांचा चेहरा पडला. "आन् बर्फ?" तो म्हणाला, "बर्फ कुठला भाऊ बुलढाण्यात?" वऱ्हाडात मिशनऱ्यांनी अकोला, खामगाव, बुलढाण्याला ठाणी केली त्याला शंभरावर वर्षं झाली. इथल्या ख्रिस्ती घरांतला नाताळ दिवाळीच्या फराळासारखाच असतो, हे इतक्या वर्षांत आपल्याला कळलं नव्हतं. सांता मात्र इंग्रजी सिनेमातून थेट कळला होता. त्या सभासदालाच सांता व्हायला सांगितलं (कारण "तुमचा सण हाये"), त्याने हात जोडले. मग सचिवच लाल चादर गुंडाळून बसले. दाढी शेजारच्या वावरातल्या कापसाची, सरकीसकट. बोलताना एक सरकी ओठात गेली आणि "मेरी ख्रिसमस" मधला "मेरी" तिथेच राहिला.

आता बर्फाकडे येतो, म्हणजे माझ्या थर्माकोलकडे.

मी विहिरीवर हात धुवायला गेलो होतो. परत आलो तर दोन दिग्दर्शक मांडी घालून बसलेले, मध्ये खोबरं किसायची किसणी, आणि माझा थर्माकोल अर्ध्यावर आलेला. मोराची मान शिल्लक होती. पांढऱ्या दाण्यांचा ढीग सुपात. "काका, बर्फ! क्लोजअपमध्ये लय भारी दिसते." तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली. थर्माकोलचा दाणा जमिनीवर पडत नाही, तो माणसाला चिकटतो. झटकावा तर हाताला, हाताचा काढावा तर नाकाला. बोरीच्या झाडाला चिकटला, बैलाच्या पाठीला चिकटला, कचोरीवर बसला, आणि गोवऱ्यांच्या आरातून काढून राख झटकलेल्या पहिल्या चार रोडग्यांवर असा पसरला की तूप सोडल्यावर तो कोणता आणि रवाळ तूप कोणतं, हे घाटाखालच्या उपाध्यक्षांना दाताखाली आल्यावर कळलं.

मला त्या वेळी एक विचार आला, तो तिथे कुणी ऐकून घेतला नसता म्हणून इथे सांगतो. येशूच्या जन्माच्या गोष्टीत बर्फ नाही. रात्री उघड्या रानात मेंढ्या राखणारे मेंढपाळ आहेत, गव्हाण आहे. आपण बर्फ किसत होतो तेव्हा रस्त्यापलीकडच्या वावरात धनगराने मेंढ्या बसवल्या होत्या, वाघर लावलेली, एक म्हातारा कांबळं पांघरून बिडी ओढत होता. अख्खा सेट तयार होता, भाडं शून्य. आपल्या सहा कॅमेऱ्यांपैकी एकही त्या दिशेला वळला नाही. सहाही सांताबरोबरच्या सेल्फीत होते. त्याच वेळी आपला तो एकटा सभासद रेव्हरंड टिळकांचं एक भजन म्हणत होता, अगदी सुरात. साउंडवाला कचोरीवर होता.

मग अध्यक्षांचं भाषण. सिनेमावाल्यांनी नाताळ का पाळावा, तर १९१० च्या नाताळात गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्तचरित्राचा सिनेमा पाहिला, पडद्यावर येशू असताना त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले, आणि तिथे भारतीय सिनेमाचं बीज पडलं. टाळ्या वाजणार, एवढ्यात घाटाखालचे उपाध्यक्ष उठले. नाताळ नव्हता, ईस्टर होता, १९११ चा एप्रिल.

"कोनं सांगतलं तुले?"

"पुस्तकात हाये."

"माह्याबी पुस्तकात हाये!"

दोघंही खरं बोलत होते. जुन्या पुस्तकांत नाताळ आहे, अलीकडच्यांत ईस्टर. पण त्यावर चाळीस मिनिटं? घाटावरचे सगळे नाताळाच्या बाजूने, घाटाखालचे ईस्टरच्या. एकाने तर खामगाव-जालना रेल्वेचा विषय काढला. जिथे मुद्दा संपतो तिथे आपल्या जिल्ह्यात ती शंभर वर्षांची न आलेली गाडी येतेच. दरम्यान आरातले रोडगे उलटायचे राहिले.

दोन्ही पक्षांना माझं सांगणं एवढंच की मी चादरीच्या पक्षातला आहे. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला कॉरोनेशन थिएटरात लागला तो नाताळामुळे नव्हे आणि ईस्टरमुळेही नव्हे. सरस्वतीबाई फाळके उन्हात पांढरी चादर ताणून तासन् तास उभ्या राहिल्या, म्हणजे मी करतो तेच काम. रात्री त्याच बाई कच्च्या फिल्मला भोकं पाडत बसायच्या, आणि दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. फाळक्यांनी त्याआधी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज त्याची थोडी थोडी फिल्म घेत महिनाभरात मिनिटाभराची 'अंकुराची वाढ' केली. ती पाहून सावकाराने पैसे दिले. आपण वाटाणा पेरायच्या आधी वाटाण्याचं पोस्टर करतो, पोस्टरचं अनावरण करतो आणि अनावरणाला आमदारांची तारीख मिळेना म्हणून थांबतो.

थांबल्यामुळे काय होतं ते लोणारला पाहिलंच. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, जगभर फोटो गेले. पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून सांगितलं, पाण्याचा खारटपणा वाढल्यामुळे फोफावलेल्या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा हा रंग. आपल्यात वाद असा की हा रंग मूळचाच ठेवायचा की संगणकावर आणखी गुलाबी करायचा. टाळेबंदीतसुद्धा मोबाईलवर पाच बैठका. शेवटी "मूळचा ठेवू" असा ठराव झाला तेव्हा पाऊस पडून तळं पुन्हा हिरवट झालं होतं. त्याआधीच्या वर्षी टिपेश्वरचा वाघ तेराशे किलोमीटर चालत आपल्या ज्ञानगंगेच्या जंगलात आला. गळ्यात पट्टा होता, त्यामुळे पाऊल न् पाऊल नोंदलेलं. त्याच्यावरच्या माहितीपटासाठी आपले चिखलीचे दिग्दर्शक पंचवीस किलोमीटर यायचे होते. एस.टी. चुकली म्हणाले.

मालेगावात यंत्रमागाच्या खडखडाटात नासिर शेखने सायकलीची ट्रॉली आणि बैलगाडीची क्रेन करून 'मालेगाव के शोले' पूर्ण केला आणि लोकांनी तिकीट काढून पाहिला. पुढे त्या वेड्या माणसांवरच माहितीपट निघाला. आपल्याकडे ड्रोन आहे, गिंबल आहे, दोन भिंगं आहेत, आणि खजिनदारांची बैलजोडी तर त्या दिवशी तिथेच उभी होती, थर्माकोल अंगावर घेऊन. पुढच्या वर्षी सिनेमा होईल का, हे विचारायला कुणी तरी भेंडवळला जावं, अशी सूचना मी मांडतो. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तिथे घटमांडणी करतात, धान्याचं रिंगण, मधोमध घागर, वर पापड-भजी, आणि पहाटे कोणता दाणा कुठे सरकला त्यावरून पावसाचं, पिकाचं, राजाचं भाकीत सांगतात. त्यात एक दाणा आपला ठेवायला सांगू. तो जागचा हलणार नाही, हे मी आत्ताच सांगतो.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण लिहितो. फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा त्यांनी ग्रँट रोडच्या हॉटेलातल्या साळुंके नावाच्या स्वयंपाक्याला नटी केलं. आपण उलटं केलं. आपल्या दोन अर्धवट सिनेमांची नायिका असलेली मुलगी त्या दिवशी सकाळी दहापासून जाडसर कणीक तिंबत होती. "रोडगे तुलेच जमतात" असं तिला कौतुकाने सांगण्यात आलं. सांगणाऱ्यांत मीही होतो. सतरंजीवर बसून.

दुपारी वाद ऐन भरात असताना तिने कणकेची रिकामी परात धुतली आणि माझ्याकडे दिली. "काका, ही जरा धरता? अशी. उन्हाकडं." मला वाटलं, वाळवायची असेल. धरली. "थोडी डावीकडं. आता हालू नका." हाताला सवय आहे, प्रश्न विचारायची नाही. मी नाताळ की ईस्टर ऐकत पंधरा मिनिटं परात धरून उभा होतो.

परवा तिने मोबाईलवर मला चार मिनिटांची एक फिल्म दाखवली. पार्टीहून घरी जाताना बसमध्येच कापून जोडली म्हणे. पुढे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष हातवारे करताहेत, केसांत थर्माकोल. मधे सांता दाढीतली सरकी काढतो आहे. मागे एका रांगेत रोडगे, त्यांच्यातून आधी पांढरा, मग काळा धूर. कुणी वळून बघत नाही. आवाज स्वच्छ, आणि भांडणाच्या खालून टिळकांचं ते भजन ऐकू येतं, अख्खं. शेवटी कॅमेरा रस्त्यापलीकडे वळतो, मेंढ्यांकडे, आणि तिथेच थांबतो. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर असा मऊ उजेड आहे की ते साठीचे वाटत नाहीत.

मंडळाच्या वार्षिक अहवालात 'या वर्षी पूर्ण झालेले चित्रपट' असा एक रकाना आहे, ज्यात गेली सहा वर्षं आपण 'निरंक' लिहितो. त्यात काय लिहायचं ते कार्यकारिणीने ठरवावं. बैठक घेऊ नये. घ्यायचीच असेल तर कणीक दिग्दर्शकांनी तिंबावी.

थर्माकोलचा आग्रह मी सोडतो. दाणे अजून ट्रायपॉडच्या पिशवीतून निघताहेत, ते मंडळाच्या नावे जमा धरावेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
परात धरणारा

ता. क. : परात खजिनदारांच्या घरची आहे. वहिनी दोनदा विचारून गेल्या. फिल्म करणाऱ्या मुलीला सांगितलं आहे, पुढची फिल्म होईपर्यंत देऊ नकोस.