पॅरिसच्या पुलावर सोडून आलेल्या कुलपास

चि. कुलूप यास,

अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. तुझा हल्लीचा पत्ता ठाऊक नसल्यामुळे पत्र खुलंच लिहिते आहे. तूही एव्हाना खुलंच असशील.

२३ मे २०१५ तू विसरलं नसशील. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलांनी पैसे काढून आम्हाला युरोपच्या सहलीला धाडलं होतं, आणि नेमक्या त्या दिवशी आम्ही पॅरिसात होतो. टूर मॅनेजरनं पाँ दे झार पुलासाठी वीस मिनिटं दिली. एका टोकाला लुव्र, दुसऱ्या टोकाला फ्रेंच अकादमीचा घुमट, खाली सीन नदी. मधल्या कठड्यावर कुलपं, कुलपांवर कुलपं. रोममधल्या एका पुलावर प्रेमिकांनी कुलूप लावल्याचं एका इटालियन कादंबरीकारानं २००६ साली लिहिलं आणि ही लाट आली, असं गाईड सांगत होता. आपल्याकडे वडाला सूत गुंडाळतात. त्याचं ओझं वडाला कधी झाल्याचं ऐकलं नाही.

पुलावरचा विक्रेता कुलपाचे पाच युरो मागत होता. "साडेतीनशे रुपये? कुलपाचे?" असं म्हणून यांनी पासपोर्टच्या बॅगेवरून तुला काढलं. तू अलिगढचं, पितळी, दादरला घेतलेलं, तीन किल्ल्यांसकट. उघड्या पडलेल्या बॅगेची काळजी मी घेतली. माझ्या पर्समध्ये सुईदोरा, सेफ्टी पिना आणि परकराची एक जादा नाडी असतेच. दोन चेनची टोकं नाडीनं बांधली, वर निरगाठ.

मग सहलीतल्या वहिनींनी उखाण्याचा आग्रह धरला. फ्रेंच जोडपी एकमेकांच्या गळ्यात पडलेली आणि मी पदर सावरून, घसा खाकरून सुरू:

"पॅरिसच्या पुलावर लागलं कुलूप,
...रावांच्या पोळीवर मीच वाढते तूप."

टाळ्या झाल्या. यांचं लक्ष तुझ्याकडे. तुला लावलं, ओढून पाहिलं, दोन पावलं गेले, परत येऊन पुन्हा ओढून पाहिलं. पंचवीस वर्षं डोंबिवलीच्या दाराशी हेच पाहत आले आहे मी. कित्येकदा स्टेशनवरून माघारी येऊन ओढून पाहिलंय. इतका विश्वास त्यांनी माझ्यावर दाखवला असता तर... असो. तो विश्वास नव्हेच म्हणा, संशयच.

रिवाजाप्रमाणे किल्ली नदीत टाकायची होती. हे कचरले. "तिन्ही नको, एकच टाकू." सीन नदीला त्यांनी दिली तीही वाकडी झालेली, नीट न लागणारी. बाकीच्या दोन पाकिटात.

बाळा, तुझी नोकरी नऊ दिवसांची ठरली. आम्ही घरी येऊन आंब्याच्या पेट्या उघडतोय तोवर पेपरात बातमी: १ जूनपासून पुलावरची कुलपं जाळीसकट उतरवायला सुरुवात. आदल्याच वर्षी जून महिन्यात कठड्याचा एक भाग वजनानं कोसळला होता. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. सुमारे दहा लाख कुलपं, वजन ४५ टन. यांनी चहा बाजूला ठेवून हिशेब मांडला: त्यात आपले फार तर शंभर ग्रॅम, म्हणजे पूल पडायला आपण जबाबदार नाही. मोठं समाधान वाटलं त्यांना. मला मात्र तुझंच वाईट वाटलं. दहा लाखांनी जन्मभराची आण घेतली आणि पालिकेचे लोक येऊन फलकच्या फलक क्रेननं उचलून घेऊन गेले. तेही बरोबरच होतं. पूल चालायला असतो.

२०१७ साली त्यातल्या दहा टनांचा लिलाव झाला, पैसे निर्वासितांच्या मदतीला गेले. त्यात तू असशील, तर कुणाच्या तरी दिवाणखान्यात शोभेला बसलेलं असशील. तिथं जपून राहा. नसशील तर वितळून एखाद्या नळाची तोटी झालं असशील. तेही वाईट नाही, निदान कोणी ओढून पाहणार नाही.

आता पस्तीस वर्षं झाली. मुलं म्हणतात, कोरियाला जा. सोलच्या नमसान टेकडीवर कुलपं लावायला रीतसर जागा आहे. हे लगेच उठले आणि दाराजवळच्या खुंटीवरून तुझ्या त्या दोन किल्ल्या काढल्या. दहा वर्षं त्या तिथंच आहेत. टाकू म्हटलं की म्हणतात, "असू दे, कुठल्या तरी कुलपाला लागतील."

कळावे, लोभ असावा.

तुझी,
किल्लीवाली बाई

ता. क. – बॅगेची नाडी अजून वापरात आहे.