सरप्लसराव

पुण्याच्या जुन्या बाजारात एक गृहस्थ हटकून दिसतात. घरी चार पंखे गरगरत असताना ते पाचवा बंद पंखा उचलतात, ‘आतली तार अस्सल तांब्याची आहे’ म्हणतात आणि रिक्षात घालून घरी नेतात. रिक्षाचं भाडं पंख्याहून जास्त होतं, पण ते हिशेबात धरायचं नसतं. हेच गृहस्थ पेनसिल्व्हेनियात जन्मले असते तर त्यांनी पंखे घेतले नसते, लष्कराने मोडीत काढलेल्या रायफली घेतल्या असत्या. आम्ही पिट्सबर्गच्या बाहेर घर घेतलं तेव्हा ते मला शेजारीच सापडले. खरं नाव सांगत नाही. अशी माणसं तिथे गल्लोगल्ली आहेत आणि मी त्या सगळ्यांना सरप्लसराव म्हणतो.

सरप्लसरावांचा शक एका आकड्यापासून सुरू होतो. 80 डॉलर. एवढ्यात त्यांना पहिली मोसिन-नागां मिळाली. रशियाने 1891 साली स्वीकारलेली आणि पुढे कोट्यवधींनी बनवलेली ही बोल्टची रायफल. शीतयुद्ध संपलं, तिकडची कोठारं रिकामी होऊ लागली आणि वीस-वीसच्या लाकडी पेट्यांतून ती अमेरिकेत येऊन पडली. सोबत संगीन, पट्टा, काडतुसांच्या चामडी पिशव्या आणि तेलाची दुतोंडी डबी. “या पैशांत इथे धड बूट येत नाहीत,” असं सरप्लसराव दर भेटीत सांगतात. आता त्याच रायफलीला कितीतरी पट पैसे पडतात, हे सांगताना त्यांचा चेहरा कोथरूडला वेळेवर प्लॉट घेतलेल्या माणसासारखा होतो.

रायफल येते ती कॉस्मोलीनमध्ये बुडून. गंज लागू नये म्हणून फासलेलं हे घट्ट, तपकिरी ग्रीस काही दशकांत लाकडात मुरलेलं असतं. ते काढायचे मार्ग अनेक आणि प्रत्येकाचा शेवट घरातल्या भांडणात. उन्हाळ्यात काळ्या कचऱ्याच्या पिशवीत गुंडाळून रायफल गाडीच्या काचेमागे ठेवायची, म्हणजे ग्रीस आपसूक गळतं. आणि काचेतून डोकावणाऱ्याला आत काय गुंडाळलंय याबद्दल भलतीच शंका येते. थंडीत ऊन नाही, म्हणून सरप्लसरावांनी एकदा लाकडी दस्ता स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये मंद आचेवर ठेवला. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगला त्यांच्या घरी टर्कीला जुन्या एसटी डेपोचा वास होता. त्यांच्या पत्नीने हे माझ्या बायकोला सांगितलं आणि वर म्हणाल्या, “पहिली 80 डॉलरचीच होती गं.” त्या ‘पहिली’वरचा जोर आमच्या हिने घरी येऊन मला करून दाखवला.

कारण पहिलीवर कोण थांबतं? रायफल स्वस्त, तर काडतुसं पेटीने घ्यावीत. 440 काडतुसांचा सीलबंद पत्र्याचा डबा येतो, तो उघडायला वेगळा ओपनर लागतो. एवढी दौलत घरात म्हणजे तिजोरी हवी. तिजोरीत जागा उरली की ती भरायला युगोस्लाव्हियाची माउझर. मग स्विस के-31, जिच्या दस्त्यामागच्या पट्टीखाली कधी कधी मूळ सैनिकाच्या नावाची चिठ्ठी निघते. आमच्या सरप्लसरावांच्या के-31 मध्ये निघाली, तेव्हा त्यांचे डोळे पाणावलेले मी पाहिले. स्वतःच्या मेव्हण्याचं नाव मात्र त्यांना दर नाताळात विचारावं लागतं.

या सगळ्यासाठी संग्राहकाचा एक सरकारी परवाना असतो. 30 डॉलर भरा, तीन वर्षं पन्नाशी उलटलेल्या बंदुका थेट घरपोच मागवा, फक्त वहीत नोंद ठेवा. पन्नाशी झाली की वस्तू दुर्मीळ ठरते, हा कायदा मला वैयक्तिकरीत्या फार आवडला. घरात तो कोणी मानत नाही.

सरप्लसरावांना जुन्या काळाबद्दल बोलतं करू नये. 1950 च्या दशकात दुकानांमधून म्हणे पिंपात छत्र्या ठेवाव्यात तशा रायफली उभ्या असायच्या, आणि टपालानेही घरी यायच्या. मग 1963 मध्ये ओस्वाल्डने शिकागोच्या दुकानातून टपालाने मागवलेली इटालियन कार्कानो रायफल राष्ट्राध्यक्ष केनेडींवर चालली. दुर्बिणीसकट किंमत 19.95 डॉलर. 1968 च्या कायद्याने टपालाने होणारी विक्री आणि परदेशी लष्करी मालाची आयात दोन्ही बंद झाली. ऐंशीच्या दशकात जुन्या मालापुरतं दार पुन्हा किलकिलं झालं. या साऱ्या कहाणीत सरप्लसरावांना राष्ट्राध्यक्षांचं दुःख आहेच, पण 19.95 हा आकडा उच्चारताना आवाज जरा जास्त कापतो.

एकदा मी त्यांच्याबरोबर चांदमारीला गेलो. त्यांनी थर्मास काढला. म्हटलं, चहा! त्यांनी ते कढत पाणी शांतपणे नळीत ओतलं. जुन्या रशियन काडतुसाच्या टोपीतल्या रसायनाने नळीत क्षार उरतो, क्षार हवेतली ओल ओढतो आणि रात्रीत गंज चढतो. तेलाने तो विरघळत नाही, पाण्यानेच जातो. ज्ञान मिळालं, चहा नाही. खांद्याला जो दणका बसला त्याने मी दोन दिवस डाव्या हाताने भात कालवला. नेमही लागला नव्हता. “संगीन लावली नाहीस ना,” ते म्हणाले. या रायफलीचा नेम कारखान्यात संगीन लावूनच जुळवलेला असतो. त्या हिशेबाने माझी काही चूक नव्हती.

मग संगीन लावून हरणाच्या शिकारीला जायचं का? ते जात नाहीत, पण विचार केलाय हे चेहऱ्यावर दिसतं. शिकारीत त्यांचा खरा घात निराळाच होतो. डब्यातली स्वस्त लष्करी गोळी हरणावर चालवायला तिथे मनाई आहे. पूर्ण धातूने मढवलेली ती गोळी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन पळतं. शिकारीला टोकाशी फुलणारी गोळी लागते. आणि तसल्या फुलणाऱ्या गोळ्या युद्धात नकोत असं 1899 मध्ये हेगला ठरलं. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्याचं नाव त्या गोळीला चिकटलं ते चिकटलंच. म्हणजे माणसाची गोळी हरणाला चालत नाही आणि हरणाची माणसाला. सरप्लसरावांना यातला तत्त्वज्ञानाचा भाग दिसत नाही. त्यांना दिसते ती फुलणाऱ्या गोळ्यांच्या खोक्याची किंमत. गेल्या हंगामात हरीण मिळालं, त्यातलं थोडं मटण आम्हालाही आलं. तिजोरी धरून किलोचा भाव मी मनातल्या मनात काढला आणि घास फार आदराने चावला.

एरवी मवाळ माणूस, पण कोणी जुन्या रायफलीचा दस्ता करवतीने कापून तिला ‘शिकारी’ रूप दिलेलं दिसलं की पेटतात. अशा करवतवाल्याला त्यांच्यात ‘बब्बा’ म्हणतात. वाड्याच्या नक्षीदार खांबांवर ऑइलपेंट फासणाऱ्याला आमच्याकडे जे म्हणतात, ते छापता येत नाही.

परवा त्यांनी मुद्दाम बोलावलं. “तुझ्या घराजवळची आलीय.” इशापूरच्या कारखान्यातली एन्फील्ड रायफल होती. इशापूर पुण्यापासून दीड हजार किलोमीटरहून लांब आहे, हे मी सांगितलं. “म्हणजे जवळच,” ते म्हणाले, आणि .303 चं एक काडतूस हातावर ठेवलं. बुडाशी दोन अक्षरं कोरलेली: के, एफ. “कर्की. हिंदुस्थानात कुठेतरी आहे.”

कर्की! अहो, ती आमची खडकी. तिथला दारूगोळ्याचा कारखाना 1869 पासूनचा. त्याच्या भोंग्यावर आमच्या आळीतली घड्याळं लागायची, भोंगा झाला की आई कुकर चढवायची. आजवर त्यांनी मला रशियातली ‘तुला’ आणि ‘इझेव्हस्क’ ही रायफलींची गावं, सगळा भूगोल शिकवला होता. त्या दिवशी पहिल्यांदा मी बोलत होतो आणि ते वहीत लिहून घेत होते. निघताना त्यांनी त्याच पेटीतल्या काडतुसाची एक रिकामी पितळी पुंगळी माझ्या हातात ठेवली.

ती मी शोकेसमध्ये, दगडूशेठच्या गणपतीशेजारी उभी केली. हिने चष्मा लावून पाहिली.

“कितीला पडली?”

“फुकट.”

“म्हणजे त्यांच्या पहिलीपेक्षा 80 डॉलरनी स्वस्त,” ही म्हणाली आणि ओव्हनचं दार नीट लावून घेतलं.