आप्पांची वही

मी पुण्यात एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात नोकरी करतो. आमच्या गावी, धर्मापुरीत, हे सांगायची सोय नाही. ‘तलाठी आहे’ म्हटलं तर चहा येतो, ‘इंजिनियर आहे’ म्हटलं तर स्थळं येतात. ‘मनुष्यबळात आहे’ म्हटलं की समोरचा माझ्या दंडाकडे बघतो आणि गप्प बसतो. शेवटी आईनेच तोडगा काढला. ती सांगते, “माणसं लावायचं आन् काढायचं काम हाय त्याचं.” त्यावर ऐकणारा हमखास म्हणतो, “मंजी मुकादम की!”

आधी मला राग यायचा. दोन वर्षं फी भरून मिळवलेली पदवी, आणि हे मुकादम म्हणतात! मग एका दिवाळीला भावकीतल्या, ऊसतोडीचे मुकादम असलेल्या आप्पांबरोबर बसलो आणि ध्यानात आलं की लोक माझा मान वाढवत होते.

धर्मापुरी परळी तालुक्यात. गावात चालुक्यकालीन केदारेश्वराचं देऊळ आहे, किल्ला आहे. किल्ल्याच्या भिंतीत जुन्या देवळांचे दगड बसवलेले दिसतात. आमच्या खात्यात याला ‘रिडिप्लॉयमेंट’ म्हणतात आणि ते करताना दगडांचं मत विचारत नाहीत. पण बाहेरच्या जगाला आमचा भाग ठाऊक आहे तो ऊसतोडीसाठी. दसरा-दिवाळी झाली की गावोगावच्या टोळ्या ट्रॅक्टरला पाळणा, पत्रे, भांडी, शेरडं बांधून सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे निघतात, त्या उन्हाळा लागल्यावर परत येतात. ही सगळी माणसं कारखान्याने नेमलेली नसतात. ती मुकादमाने नेमलेली असतात. कारखाना किंवा वाहतूकदार मुकादमाला पैसे देतो, मुकादम मजुराला उचल देतो, आणि मजूर ती अंगमेहनतीने फेडतो. साखरेच्या एवढ्या मोठ्या धंद्याचा एचआर विभाग आप्पांच्या शर्टाच्या खिशातल्या वहीत मावतो.

आम्ही उमेदवाराची पार्श्वभूमी तपासायला एजन्सी लावतो. ती पैसे घेते आणि ‘पत्ता बरोबर आहे’ एवढं कळवते. आप्पा पारावर बसूनच सांगतात, कोण गेल्या साली फड अर्धा टाकून आला, कोणाचं भावाशी पटत नाही, कोण पगाराच्या दिवशी भेटत नाही. आम्ही जॉइनिंग बोनस देतो आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत घेतो. हे मी आप्पांना मोठ्या अभिमानाने समजावलं. ते म्हणाले, “उचलच की. किती देता?” आकडा सांगितला. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. हल्ली एका कोयत्याची, म्हणजे एका जोडीची, उचल लाखाच्या घरात असते, कुठे त्याच्याही वर.

आमचं खरं दुखणंही सारखंच निघालं. आमचे उमेदवार तीन कंपन्यांची ऑफर लेटरं खिशात घालतात आणि कामावर यायच्या दिवशी फोन बंद ठेवतात. ऊसतोडीतही दोन मुकादमांची उचल घेऊन तिसऱ्याच्या टोळीत गेलेले लोक असतात. फरक फक्त पाठपुराव्यात आहे. आम्ही मेल पाठवतो. मुकादम जीप पाठवतो.

एकदा मी आप्पांना एक्झिट इंटरव्ह्यू म्हणजे काय ते सांगितलं. माणूस नोकरी सोडून निघाला की त्याला बसवून विचारायचं, का चाललास बाबा? आप्पा बराच वेळ विचारात पडले. “निघाल्यावर कामून इचारता? तवा त्येला खरं बोलायची काय गरज?” या प्रश्नाचं उत्तर आमच्या विभागप्रमुखांकडेही नाही.

डेव्ह अल्‌रिच या अमेरिकी प्राध्यापकाने १९९७ च्या पुस्तकात एचआरच्या चार भूमिका सांगितल्या: धंद्याच्या धोरणातला भागीदार, कारभारातला तज्ज्ञ, कर्मचाऱ्यांचा कैवारी आणि बदल घडवणारा. आम्ही पहिली भूमिका व्हिजिटिंग कार्डावर छापून घेतली आणि उरलेल्या तीन पुढच्या तिमाहीवर टाकल्या. मुकादम मात्र टक्केवारीवरच असतो, म्हणजे भागीदारी आलीच. शिवाय दरवाढीसाठी ‘कोयता बंद’ची हाक येते तेव्हा मजूर आणि मुकादम बऱ्याचदा एकाच संघटनेत असतात. आमच्या कंपनीत एचआरवाला कामगारांच्या बाजूने घोषणा देतोय, ही कल्पनाच करून बघा. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघाशी बोलणी होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि मुकादमांचं कमिशन १९ वरून २० टक्के झालं. तो आकडा ऐकून आमच्या ऑफिसात शांतता पसरली. आमच्याकडे त्या साली सहा टक्के आणि एक पाण्याची बाटली मिळाली होती.

पण वही उलटत गेलं की हसू आवरतं घ्यावं लागतं. आम्ही भिंतीवर ‘आमची कंपनी म्हणजे एक कुटुंब’ असा फलक लावतो. आप्पा फलक लावत नाहीत, ते कुटुंबच भरती करतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. वहीत एक नाव, एक उचल, एक हिशेब. नवरा ऊस तोडतो, बायकोही तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. त्याआधी पहाटे कोपीत भाकरी झालेल्या असतात, ते काम कुणाच्याच हिशेबात नाही. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. खाडा झाला तर पैसे कापायचे. आजारपण, पाळी, बाळंतपण, सगळं खाड्यातच. २०१९ मध्ये सरकारी समितीने आमच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. आमच्याकडे आजारपणाची रजा मागायला डॉक्टरची चिठ्ठी लागते आणि ती स्कॅन करून टाकायचा कंटाळा येतो म्हणून लोक कुरकुरतात. त्या मेलना मीच उत्तरं देतो.

हे बोलून मी गप्प झालो तसे आप्पा स्वतःहून म्हणाले, “मला काय सांगतोस? मी बी पंधरा हंगाम कोयता धरलाय.” ते खरं होतं. कोयत्यावरून मुकादमकीवर आलेला माणूस, म्हणजे आमच्या भाषेत अंतर्गत बढतीचा नमुना. पण एवढी बढती मिळूनही वहीतले रकाने त्यांनी जसेच्या तसे ठेवले होते.

काकू इतका वेळ उंबऱ्यात लसूण सोलत होत्या. त्या पंधरा हंगामांत कोयत्याची दुसरी बाजू त्याच होत्या.

“का रं भैया, तुझ्या कंपनीत बायका हायत का?”

“आहेत की काकू. निम्म्या तरी असतील.”

“आन् नवरा-बायको दोघं तिथंच असले तर?”

“आहेत तशी काही जोडपी.”

“मग पगार कुणाच्या हातात देता?”

“ज्याचा त्याच्या खात्यावर. बाईचा बाईच्या.”

“येगयेगळा?”

“वेगवेगळा.”

काकूंनी लसणाचं सूप खाली ठेवलं. “आवो, ऐकलं का? त्येच्याकडनं तेवढं शिकून घ्या. पोस्टर-बिस्टर ऱ्हाऊ द्या. आन् मागच्या पंधरा सालांचं काय ते बी इचारा.”

आप्पांना नेमका तेव्हाच फोन आला. ते बसले होते त्या कोपऱ्यात मोबाइलला रेंज नसते, तरी ते बराच वेळ बोलत राहिले.