ताणावरचा चित्रकार

अमूर्त चित्रकाराला लोक तीन प्रश्न विचारतात. हे काय आहे, हे सुचलं कसं आणि तुम्ही शिकलात कुठं? शेवटच्याला 'कुठंच नाही' असं उत्तर आलं की विचारणारा पुन्हा एकदा चित्राकडे बघतो आणि समाधानानं मान डोलावतो. त्याची शंका फिटलेली असते. यातला प्रेरणेचा प्रश्न मला सगळ्यांत निरुपयोगी वाटतो. मुंबई-पुण्यात तो विचारला गेला तर एक वेळ समजू शकतं, पण कारंजा (घाडगे) इथं कोणी विचारू नये. हा संत्र्याचा मुलूख आहे. काही न करणं हेही काम असतं, आणि तेही जोखमीचं, हे इथल्या बागायतदाराला कोणत्याही कलासमीक्षकापेक्षा जास्त कळतं.

आंबिया बहार धरायचा तर पावसाळा सरल्यावर बागेचं पाणी तोडतात. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत त्याहून बरेच दिवस. विहिरीला पाणी असतं, मोटार धड असते, एवढंच काय, कधी नव्हे ती वीजही असते. तरी पाणी द्यायचं नसतं. पानांची तकाकी जाते, ती मलूल होऊन वळतात, थोडी गळतातही. शहरातला पाहुणा हळहळतो, "अहो, बाग वाळली तुमची!" मालक तंबाखू मळत म्हणतो, "वायली नाही भाऊ, ताणावर हाय." मग आंबवणीचं हलकं पाणी, त्यानंतर चिंबवणीचं, आणि जानेवारी-फेब्रुवारीत झाड फुलानं पांढरं होतं. त्या फुलांकडे बघून 'झाडाला प्रेरणा कुठून मिळाली?' असं इथं कोणी विचारत नाही. ताण किती दिवस दिला, एवढंच विचारतात.

आता कारंज्यावरून जाणाऱ्या महामार्गानं नागपूरला चला. चित्रकार वासुदेव गायतोंडे तिथं १९२४ साली जन्मले. वर्षाकाठी पाच-सहा चित्रं, एवढाच त्यांचा उरक. बाकीचा वेळ विचारात, वाचनात आणि स्वस्थ बसण्यात जायचा. मग रोलर आणि पॅलेट नाइफ घेऊन रंगाचे थर चढवायचे आणि उतरवायचे. त्यांच्या १९७९ च्या एका चित्राला २०१३ साली मुंबईतल्या लिलावात २३ कोटी ७० लाख रुपये मिळाले. स्वस्थ बसण्याला एवढा भाव दुसऱ्या कोणत्याही धंद्यात आल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

यावर 'शिकलात कुठं?' हा प्रश्न धरून कोणी म्हणेल, गायतोंडे जे. जे. स्कूलचे पदविकाधारक, १९४८ चे. स्वशिक्षितांच्या पंगतीत त्यांना कशाला बसवता? पण जे. जे.त ते जे शिकले ते पुढं त्यांनी एकेक करून सोडून दिलं, आणि ज्यामुळे नाव झालं तो प्रकार त्यांना कोणत्याही वर्गात शिकवलेला नव्हता. अमूर्तात सगळेच स्वशिक्षित. काहींना आधी फी भरावी लागते, एवढंच. अस्सल बिनफीचं उदाहरण हवं तर रवींद्रनाथ ठाकूर घ्या. हस्तलिखितातली खाडाखोड एकमेकांना जोडता जोडता त्यातून चमत्कारिक आकार आणि पशुपक्षी निघू लागले. साठी उलटल्यावर गृहस्थ चित्रकार झाले आणि १९३० मध्ये पॅरिसला प्रदर्शन भरवून आले. तेही काय, तर आधी नको ते खोडणंच.

मग गावातला प्रत्येक रिकामटेकडा कलावंत म्हणायचा का? मुळीच नाही. ज्याच्या विहिरीलाच पाणी नाही, त्यानं बागेला ताण दिला असं आपण म्हणत नाही. ताण देणारा रोज बागेत जाऊन पान हातात धरून बघतो, कारण चार दिवस जास्त झाले तर झाडावर सल (वाळक्या फांद्या) वाढते. चित्रकाराचंही तसंच. हात चालता असून, रंग कालवलेला असून थांबायचं, आणि नेमक्या दिवशी थांबणं थांबवायचं. शाळेतल्या चित्रकाराला तो दिवस गुरू, परीक्षा किंवा घंटा सांगते. स्वशिक्षिताला कोणीच सांगत नाही. त्यामुळे त्याचे कॅनव्हास वाया जातात आणि घरच्यांचा धीर सुटतो. 'असलं तर आमचा बाळ्याही काढतो' हा शेवटचा आक्षेप मला मान्य आहे. बाळ्या काढतोच, चांगलं काढतो. फक्त त्याचं चित्र पूर्ण झालं हे त्याची आई ठरवते, जेवायला हाक मारून.

आंबियाचं फूल वर्षाच्या सुरुवातीला येतं आणि फळ तोडणीला येईस्तोवर दिवाळीचे दिवस उजाडतात. कारंज्यात एखादा चित्रकार कोऱ्या कॅनव्हाससमोर बसलेला दिसला, तर निदान तेवढे महिने तरी त्याला 'सध्या काय चालू आहे?' असं विचारू नका.