रिपोर्टकाका

पनवेलच्या वडाळे तलावावर सकाळी फिरणाऱ्यांच्या हातात काठी नाहीतर मोबाइल असतो. रिपोर्टकाकांच्या काखेत पिशवी असते. पिशवीत अख्ख्या सोसायटीचे रिपोर्ट. स्वतःचा एकही नाही. तब्येत ठणठणीत आहे, हे काकांचं मोठंच दुःख.

काका रोग कानाने ओळखतात. नाव सारखं वाजलं की रोगही तोच. शेजारच्या वहिनींना थायरॉइड निघाला. काका म्हणाले, "वहिनी, पाणी उकळून प्या." हे टायफॉइडचं पथ्य! वहिनींनी तीन आठवडे पाणी उकळलं. थायरॉइड जागच्या जागी राहिला, सिलिंडर मात्र लवकर संपला.

मग हायपो की हायपर, हा घोळ. "दोन्हीत हाय आहे ना? म्हणजे वाढलेलंच!" वर पुरावा म्हणून टीएसएचच्या आकड्यापुढचा चढता बाण. आता खरी गोष्ट अशी, की गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुस्तावली, म्हणजे हायपो झाली, की डोक्यातली पियूषिका तिच्या नावाने ओरडू लागते. टीएसएच हे त्या ओरडण्याचं माप. पोरगं जितकं आळशी, तितका आईचा आवाज चढा. काका आईचा आवाज ऐकून पोराला कामसू ठरवतात.

आणि ज्या गावात १८७२ साली धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू झाला, तिथे राहून हा गृहस्थ आमवाताच्या रोग्याला सांगतो, "हापूस बंद!" आम म्हणजे न पचलेला अन्नरस, आंबा नव्हे, हे सांगायला मी गेलो होतो. "कोकणात राहून आंब्याची बाजू घेणारच तुम्ही," असं ऐकून परत आलो.

तसा सगळा दोष काकांचा नाही. शब्दच लबाड. टायफॉइडचा अर्थच मुळी 'टायफससारखा'. टायफस उवांमुळे पसरतो, टायफॉइड दूषित अन्नपाण्यातून. पण दोन्हींत रोगी ग्लानीत जातो, म्हणून युरोपातले कित्येक डॉक्टरही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे दोन ताप एकच समजत. थायरॉइड म्हणजे ढालीसारखी. शेपूट एकच, 'सारखा'चं. काका नुसतं शेपूट धरून चालतात.

गेल्या महिन्यात माझी अँजिओग्राफी झाली. डॉक्टरांनी समजावायला चार मिनिटं दिली, काकांनी तलावाच्या तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीत त्यांनी तिची अँजिओप्लास्टी करून टाकली होती.

माझा रिपोर्ट सध्या त्याच पिशवीत आहे.